दुसऱ्यांदा बायपास: कागद जमवण्यापासून बरं होण्यापर्यंत, कुठला टप्पा कधी

पहिल्या बायपासनंतर काही वर्षांनी छातीत पुन्हा दुखू लागलं की घरचे सगळ्यात आधी विचारतात, ‘पुन्हा ऑपरेशन केलं तर धोका किती?’ प्रश्न रास्त आहे, पण तो फार लवकर विचारला जातो. जुन्या ऑपरेशनमध्ये नक्की काय केलं होतं, आता कुठली वाहिनी बंद आहे आणि हृदयाच्या समोरच्या भिंतीला रक्त पुरवणारी मुख्य धमनी, म्हणजे एलएडी, सुरक्षित आहे की नाही, हे कळल्याशिवाय त्या प्रश्नाला उत्तर नाही. दुसऱ्या बायपासचा निकाल बराचसा छाती उघडण्याआधीच ठरतो. तयारीतल्या चुका नंतर सर्जनच्या कौशल्यानेही पूर्ण भरून निघत नाहीत. म्हणून हे टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने घ्या.

आधी एक इशारा: हा लेख ठरवून करायच्या ऑपरेशनबद्दल आहे. बसल्या जागी छातीत दुखत असेल, घाम फुटला असेल, जिभेखाली ठेवायच्या गोळीनंतर पाच मिनिटांत त्रास कमी झाला नसेल, तर वाचत बसू नका, रुग्णवाहिका बोलवा.

## टप्पा १: जुन्या ऑपरेशनची नोंद हातात घ्या

डिस्चार्ज कार्ड पुरत नाही. त्यावर बहुतेक वेळा ‘तीन ग्राफ्ट घातले’ एवढंच असतं (ग्राफ्ट म्हणजे अडथळ्याला वळसा घालून रक्त नेण्यासाठी जोडलेली शीर किंवा धमनी). हवी असते ती ऑपरेशन नोट, म्हणजे सर्जनने स्वतः लिहिलेली किंवा सांगून लिहून घेतलेली नोंद. जिथे ऑपरेशन झालं तिथल्या रेकॉर्ड विभागात लेखी अर्ज करून तिची प्रत मागा. तिच्यात या गोष्टी शोधा:

- कुठल्या धमनीला कुठला ग्राफ्ट जोडला.
- छातीच्या आतून उतरणारी डावी धमनी, जिला डॉक्टर ‘लीमा’ म्हणतात, ती वापरली का आणि कशाला जोडली. उजवी म्हणजे ‘रीमा’ वापरली का.
- पायाची शीर कुठल्या पायातून, कुठून कुठपर्यंत काढली. हाताची धमनी काढली असेल तर कुठल्या हाताची.
- हृदयाभोवतीचं आवरण शेवटी शिवून बंद केलं की उघडं ठेवलं. उघडं ठेवलं असेल तर हृदय छातीच्या हाडाला आतून चिकटलेलं असण्याची शक्यता वाढते.
- त्या वेळी जखमेत पू झाला होता का, हाड पुन्हा उघडून शिवावं लागलं होतं का.

नोटसोबत जुन्या अँजिओग्राफीची सीडीही घ्या. छापील अहवाल आणि प्रत्यक्ष चित्रफीत यांत फरक असतो, आणि सर्जनला चित्रफीतच पाहायची असते.

ऑपरेशन नोट मिळालीच नाही तर काम अडत नाही, पण वाढतं. अँजिओग्राफी करणाऱ्याला प्रत्येक ग्राफ्टचं तोंड महाधमनीवर शोधत बसावं लागतं, डाय, म्हणजे वाहिन्या चित्रात दिसाव्यात म्हणून टोचायचं औषध, जास्त लागतो आणि एखादा ग्राफ्ट सापडला नाही तर तो बंद आहे की नजरेतून सुटला, हे कळत नाही.

तपासून पाहा: पायातल्या फुगलेल्या शिरांवर कधी शस्त्रक्रिया किंवा लेझर झालं आहे का? छातीला कधी रेडिएशन दिलं आहे का? या दोन गोष्टी रुग्ण हमखास सांगायच्या विसरतात. पहिलीमुळे नव्या ग्राफ्टसाठी शीरच उरत नाही. दुसरीमुळे छाती उघडणं आणि जखम भरणं, दोन्ही अवघड होतं.

## टप्पा २: त्रास कशामुळे परतला ते ठरवा

पायाच्या शिरेचा ग्राफ्ट केव्हा बिघडला, यावरून तो कशाने बिघडला याचा अंदाज येतो. पहिल्या महिन्यात बंद पडला तर गुठळी, टाका किंवा ग्राफ्टला पडलेला पीळ. महिना ते वर्ष या काळात शिरेचं आतलं अस्तर जाड होतं. त्यानंतर चरबीचा थर साचतो, आणि हा थर हृदयाच्या मूळ धमनीतल्या थरापेक्षा ठिसूळ असतो, सहज सुटून पुढे वाहतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, स्टेंट आणि ऑपरेशन या दोन्ही ठिकाणी तिचा संबंध येणार आहे.

शिरेच्या ग्राफ्टपैकी साधारण निम्मे ते साठ टक्के दहा वर्षांनी चालू असतात. एलएडीला जोडलेली लीमा मात्र त्या वेळी ९० टक्क्यांहून जास्त रुग्णांत चालू असते. म्हणून ‘बायपास फेल झाला’ हे वाक्य बहुतेकदा अर्धवट असतं. शिरा गेलेल्या असतात, लीमा उत्तम चालू असते. कधी सगळे ग्राफ्ट चांगले असतात आणि ग्राफ्ट जोडलेल्या जागेच्या पुढे मूळ धमनीत नवा अडथळा आलेला असतो.

ग्राफ्टला दोष देण्याआधी काही कारणं वगळायची असतात. हिमोग्लोबिन खूप कमी असणं, थायरॉइडचा बिघाड, अनियमित आणि जलद ठोके, महाधमनीची झडप अरुंद होणं, या सगळ्यांनी छातीत तसंच दुखतं. झडपेचं कारण विशेष महत्त्वाचं, कारण पहिल्या ऑपरेशनच्या वेळी थोडी जाड असलेली झडप मधल्या काळात बरीच आकसलेली असू शकते. त्यासाठी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, पुरतो.

तपासून पाहा: दोन्ही हातांचा रक्तदाब लागोपाठ मोजा. डाव्या हाताचा वरचा आकडा उजव्यापेक्षा १५ किंवा त्याहून जास्त कमी येत असेल, किंवा डाव्या हाताने काम केल्यावर छातीत दुखत असेल, तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. डाव्या हाताकडे जाणारी मोठी धमनी अरुंद असली की लीमेला, आणि पर्यायाने हृदयाला, रक्त कमी पडतं. तेव्हा उपाय त्या धमनीत स्टेंट टाकण्याचा असतो, छाती उघडायची गरज राहत नाही. दोन मिनिटांची ही तपासणी वारंवार राहून जाते.

## टप्पा ३: अँजिओग्राफी कुठल्या जागेतून, हे आधी ठरवा

इथे क्रम चुकला की परत फिरता येत नाही. हल्ली अँजिओग्राफी बहुतेकदा मनगटातून करतात. पण मनगटातली हीच धमनी दुसऱ्या बायपासमध्ये ग्राफ्ट म्हणून लागू शकते, आणि तिच्यातून एकदा नळी गेली की आतलं अस्तर दुखावतं. अशी धमनी ग्राफ्टसाठी सहसा वापरत नाहीत. पहिल्या ऑपरेशनमध्ये दोन्ही पायांच्या शिरा संपल्या असतील तर हाताची धमनी हाच मोठा आधार असतो.

म्हणून अँजिओग्राफीच्या आधी कार्डिओलॉजिस्टला सांगा, ‘पुन्हा बायपास करावा लागेल अशी शक्यता आहे, कुठलं मनगट राखून ठेवायचं?’ डाव्या मनगटातून गेल्यास लीमेचं तोंड सहज मिळतं, हा त्या बाजूचा फायदा आहे, पण डावा हात बहुतेकांचा कमी वापराचा असल्याने ग्राफ्टसाठीही तोच आधी घेतात. अशा वेळी जांघेतून करणं हा सरळ मार्ग.

अहवालात प्रत्येक ग्राफ्टचं नाव घेऊन तो चालू, अरुंद की बंद, हे लिहिलेलं हवं. लीमा एलएडीला जोडलेली नसेल तर ती अजून मोकळी आणि वापरण्याजोगी आहे का, हेही हवं. ‘ग्राफ्ट दिसले नाहीत’ एवढ्या ओळीवर पुढचा निर्णय घेऊ देऊ नका.

## टप्पा ४: ऑपरेशन, स्टेंट की फक्त औषधं

हा निर्णय एका डॉक्टरच्या खोलीत होऊ नये. कार्डिओलॉजिस्ट आणि हृदयाचा सर्जन दोघांनी एकत्र चित्रफीत पाहिली आहे का, हे थेट विचारा.

सगळ्यात वजनदार प्रश्न एकच: लीमा ते एलएडी हा ग्राफ्ट चालू आहे का?

चालू असेल, तर उरलेल्या धमन्यांसाठी दुसरी बायपास करून आयुष्य वाढण्याचा फायदा फारसा मिळत नाही, आणि छाती उघडताना त्याच जिवंत ग्राफ्टला इजा होण्याचा धोका मात्र पुरेपूर राहतो. अशा वेळी स्टेंट आधी. अमेरिकेतली २०२१ सालची मार्गदर्शक तत्त्वंही हेच सांगतात. स्टेंट टाकताना शक्य असेल तर जुन्या शिरेच्या ग्राफ्टपेक्षा मूळ धमनी उघडणं चांगलं, कारण ग्राफ्टमधला ठिसूळ थर सुटून पुढच्या बारीक वाहिन्या बंद करतो. मूळ धमनी पूर्ण बंद असली तरी ती उघडण्याचं तंत्र आता बरंच पुढे गेलं आहे. मात्र ते सर्रास सगळ्यांना जमत नाही, म्हणून त्यात मुरलेला कार्डिओलॉजिस्ट शोधावा.

लीमा वापरलेलीच नसेल किंवा बंद असेल, एलएडी ठळक आणि पुढे मोकळी असेल, आणि औषधं पुरेशी देऊनही त्रास थांबत नसेल, तेव्हा पारडं ऑपरेशनकडे झुकतं. लीमा, किंवा ती उरली नसेल तर रीमा, एलएडीला जोडता येणं हाच दुसऱ्या बायपासचा खरा लाभ. दोन-तीन जुने ग्राफ्ट एकदम खराब झाले असतील, किंवा झडपही बदलायची असेल, तरी ऑपरेशनचा विचार योग्य ठरतो.

दोन मार्गांची थेट तुलना फार थोड्या अभ्यासांत झाली आहे. जास्त धोक्याच्या रुग्णांवरचा ‘ऑसम’ नावाचा अमेरिकन अभ्यास त्यातला एक. आधी बायपास झालेल्या आणि चिठ्ठी टाकून वाटलेल्या त्यातल्या १४२ रुग्णांत तीन वर्षांनी जगण्याचं प्रमाण पुन्हा बायपास केलेल्यांत ७३ टक्के, तर अँजिओप्लास्टी, म्हणजे फुग्याने किंवा स्टेंटने धमनी उघडण्याचा उपचार, केलेल्यांत ७६ टक्के होतं. फरक नगण्य. म्हणून ‘ऑपरेशन म्हणजे कायमचा इलाज, स्टेंट म्हणजे तात्पुरता’ हा समज घेऊन निर्णय करू नका.

ऑपरेशन न करण्याचीही ठोस कारणं असतात: जोडायला धमनीच नाही, म्हणजे ती पुढे सुमारे दीड मिलिमीटरपेक्षा बारीक किंवा सगळीकडून चुन्याने कडक झालेली, ग्राफ्टसाठी शीर वा धमनी शिल्लक नाही, किंवा त्या भागातला स्नायू मरून त्याचा व्रण झाला आहे.

सावधान: हृदयाचं पंपिंग ३५ टक्क्यांच्या खाली असेल तर स्नायू जिवंत आहे की नाही हे एमआरआय, पेट स्कॅन किंवा डोब्युटामिन इकोने बघितलं आहे का ते विचारा. मेलेल्या स्नायूला नवं रक्त पोचवून पंपिंग सुधारत नाही.

## टप्पा ५: छातीच्या आतला नकाशा

पहिल्या ऑपरेशनमध्ये हाडामागे मोकळी जागा असते. दुसऱ्या वेळी तिथे व्रणाचे धागे असतात आणि हृदयाचा उजवा कप्पा, महाधमनी किंवा एखादा चालू ग्राफ्ट थेट हाडाला चिकटलेला असू शकतो. करवत चालवताना यातलं काही फाटलं, तर काही मिनिटांत जिवावर बेतू शकतं.

म्हणून डाय देऊन, हृदयाच्या ठोक्यांशी जुळवून केलेला सीटी स्कॅन हवा. साधा एक्स-रे किंवा डायशिवाय केलेला सीटी यासाठी पुरत नाही. अहवालात पुढील गोष्टी मिलिमीटरमध्ये हव्यात: हाड आणि उजवा कप्पा यांतलं अंतर, हाड आणि महाधमनी यांतलं अंतर, लीमा मध्यरेषेला किती जवळून जाते किंवा ती ओलांडते का, आणि शिरेचे चालू ग्राफ्ट हाडामागून कुठून जातात. महाधमनीवर चुन्याचे थर कुठे आहेत हेही, कारण तिथे चिमटा लावला तर सुटलेला कण मेंदूकडे जातो.

याच वेळी दोन्ही पायांच्या शिरांचं डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, करून घ्या. उभं राहून केलेलं मोजमाप जास्त उपयोगी पडतं, शिरा भरलेल्या असतात. हाताची धमनी घ्यायची असेल तर उरलेली धमनी एकटी पंजाला पुरेसं रक्त देते का, हे तपासतात. मानेच्या धमन्यांचं डॉपलरही राहू देऊ नका.

सावधान: अँजिओग्राफी आणि सीटी, दोन्हींत डाय जातो. दोन्ही एका दिवशी उरकून लगेच ऑपरेशनची तारीख घेण्याची घाई किडनीला महाग पडते. डायनंतर ४८ ते ७२ तासांनी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारी रक्तचाचणी, पुन्हा तपासा, आणि ते पूर्वपदावर आल्याशिवाय, परिस्थिती तातडीची नसेल तर, ऑपरेशनला जाऊ नका.

## टप्पा ६: आता धोक्याचा आकडा विचारा

आता विचारायला हरकत नाही, कारण आता उत्तर तुमचं असेल, सरासरी रुग्णाचं नसेल.

सरासरी सांगायची तर अशी: ठरवून केलेल्या पहिल्या बायपासमध्ये मृत्यूचं प्रमाण एक ते दोन टक्क्यांच्या आसपास असतं आणि दुसऱ्या बायपासमध्ये ते ढोबळमानाने दोन ते तीन पट होतं. अमेरिकेतल्या राष्ट्रीय नोंदींनुसार दुसऱ्या बायपासमधलं मृत्यूचं प्रमाण २००० साली सुमारे ६ टक्के होतं, २००९ पर्यंत ते साडेचार टक्क्यांच्या जवळ आलं. तातडीने, हार्ट अटॅक चालू असताना केलं तर आकडा याच्या कितीतरी पुढे जातो. ऑपरेशनच्या वेळी अटॅक येणं, जास्त रक्त जाणं, जास्त वेळ व्हेंटिलेटर लागणं, किडनीवर ताण, हे सगळं पहिल्या वेळेपेक्षा अधिक दिसतं.

क्लीव्हलँड क्लिनिकच्या २००५ मधल्या अभ्यासाने एक महत्त्वाची गोष्ट दाखवली: अलीकडच्या काळात दुसऱ्या बायपासचा वाढीव धोका मुख्यत्वे रुग्णाच्या स्थितीतून येतो. वाढलेलं वय, पसरलेला आजार, कमजोर पंपिंग, किडनी. छाती पुन्हा उघडण्याचा वाटा त्या मानाने घटला आहे. अर्थात हे अशा ऑपरेशनची सवय असलेल्या ठिकाणाबद्दल आहे. म्हणून सर्जनला विचारा, ‘तुम्ही आणि तुमची टीम वर्षाला अशी किती ऑपरेशन करता?’ या प्रश्नाने चांगला सर्जन दुखावत नाही.

वैयक्तिक आकड्यासाठी युरोस्कोअर २ किंवा एसटीएस स्कोअर काढतात. युरोस्कोअर २ मध्ये ‘आधी हृदयाची शस्त्रक्रिया’ हा रकाना आहे. तो भरला गेला आहे ना, क्रिएटिनिन ताजं घातलं आहे ना, हे बघा. हे राहिलं की आकडा फसवा, कमी येतो. आणि कुठलाही स्कोअर हाडाला चिकटलेला ग्राफ्ट मोजत नाही. टप्पा ५ चा सीटी समोर ठेवूनच तो आकडा वाचायचा.

## टप्पा ७: चार आठवड्यांची तयारी

छातीत दुखणं आटोक्यात असेल तर हा वेळ घेण्यासारखा आहे. तंबाखू आणि सिगारेट किमान चार आठवडे आधी बंद. हिमोग्लोबिन कमी असेल तर कारण शोधून लोह सुरू, गरज पडल्यास सलाइनमधून, कारण या ऑपरेशनमध्ये रक्त जास्त जातं आणि अशक्त रक्ताने आत गेलेल्याला बाटल्या जास्त लागतात. एचबीएवनसी, म्हणजे सुमारे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, ८ च्या वर असेल तर साखर आधी ताब्यात आणा. छातीच्या हाडाची जखम चिघळण्याचं मधुमेह हे मोठं कारण आहे, आणि लीमा-रीमा दोन्ही काढायच्या असतील तर अधिकच. फुंकर मारायच्या नव्हे, श्वास आत ओढायच्या यंत्राचा सराव आत्तापासून करा, रोज चार-पाच वेळा, दर वेळी दहा श्वास. ऑपरेशननंतर दुखत असताना ते नव्याने शिकणं जमत नाही.

औषधांचा तक्ता सर्जन, कार्डिओलॉजिस्ट आणि भूलतज्ज्ञ या तिघांच्या सहमतीने लेखी घ्या. सर्वसाधारण पद्धत अशी आहे:

- अ‍ॅस्पिरिन: बहुतेकदा चालूच.
- क्लोपिडोग्रेल: ५ दिवस आधी बंद. टिकाग्रेलॉर: ३ ते ५ दिवस. प्रासुग्रेल: ७ दिवस.
- वॉरफरिन: साधारण ५ दिवस आधी बंद, मग आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी चाचणी) तपासून. नव्या प्रकारची रक्त पातळ करणारी औषधं: २ ते ३ दिवस, किडनी कमजोर असेल तर जास्त.
- डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन: किमान ३ दिवस आधी बंद. ही मधुमेहाची किंवा हृदयाची गोळी म्हणून चालू असते आणि यादीतून सुटते. चालू राहिली तर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचतं आणि आयसीयूत ते पटकन ओळखू येत नाही.
- बीटा ब्लॉकर आणि स्टॅटिन: चालू. अचानक बंद करणं धोक्याचं.
- रक्तदाबाची ‘प्रिल’ आणि ‘सार्टन’ शेवटाची औषधं: बऱ्याच ठिकाणी २४ तास आधी थांबवतात.

सावधान: अलीकडे स्टेंट टाकलेला असेल तर रक्त पातळ करणारी कुठलीही गोळी स्वतःहून बंद करू नका. स्टेंट गुठळीने बंद झाला तर ऑपरेशनच्या तारखेपर्यंत पोचणंच अवघड होईल. काढे, लसणाच्या गोळ्या आणि माशाच्या तेलाच्या कॅप्सूलसुद्धा यादीत लिहा.

## टप्पा ८: ऑपरेशनचा दिवस

आत काय चालतं ते तुमच्या हातात नाही, पण आदल्या दिवशी सर्जनशी बोलताना पुढच्या गोष्टी माहीत असल्या तर संवाद नेमका होतो.

छातीला करवत लागण्याआधी रक्ताच्या बाटल्या खोलीत आलेल्या असाव्या लागतात, ‘रक्तपेढीत राखून ठेवल्या आहेत’ हे पुरत नाही. शॉक देण्याचे पॅड बाहेरून छातीवर चिकटवून ठेवतात, कारण हृदय मोकळं होईपर्यंत आतले पॅड लावायला जागाच नसते. सीटीमध्ये अंतर फार कमी असेल तर जांघेतली किंवा खांद्याखालची धमनी आधीच उघडून हार्ट-लंग मशीनची तयारी ठेवतात, कधी मशीन सुरू करूनच हाड कापतात. पहिल्या वेळी हाड बांधलेल्या जुन्या तारा कापतात, पण लगेच उपसत नाहीत. करवत हाडाच्या मागच्या थरापर्यंत जाईपर्यंत त्या मागे आडोसा म्हणून राहतात. करवतही पुढे-मागे थरथरणारी वापरतात, पहिल्या वेळची उभी कापणारी सहसा नाही.

हृदय मोकळं करताना जुन्या शिरेच्या ग्राफ्टना शक्य तितका हात लावत नाहीत. त्यातला चुरा सुटला की ऑपरेशनच्या टेबलावरच हार्ट अटॅक येतो. हृदय थांबवायचं द्रावण पुढून तसंच मागून, म्हणजे हृदयाच्या शिरांच्या बाजूनेही देतात, कारण बंद ग्राफ्टमधून ते पुढून सगळीकडे पोचत नाही. लीमा चालू असेल तर ती शोधून तात्पुरती बंद करायची की हृदय थंड ठेवून काम करायचं, याची योजना आधी ठरलेली असते. फक्त मागच्या बाजूच्या एका धमनीला ग्राफ्ट हवा असेल तर कधी डाव्या बरगड्यांमधून, मशीनशिवायही काम होतं आणि समोरचं हाड उघडावंच लागत नाही.

सर्जनला विचारायचा प्रश्न: ‘आत गेल्यावर एखादी धमनी जोडण्यासारखी निघाली नाही, तर तिच्यासाठी पुढे काय?’ उत्तर तयार असायला हवं.

घरच्यांसाठी: पहिल्या वेळी चार-पाच तास लागले असतील तर या वेळी सहा ते आठ धरून चाला. चिकटलेलं सोडवण्यातच बराच वेळ जातो. उशीर होतोय म्हणजे काही बिघडलं असं नाही.

## टप्पा ९: आयसीयू आणि वॉर्ड

पहिल्या २४ तासांत छातीतल्या नळ्यांमधून किती रक्त येतं याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. जास्त आलं तर पुन्हा आत नेऊन रक्तस्राव थांबवावा लागतो. ही बातमी घरच्यांना हादरवते, पण वेळेवर नेणं हे उशिरा नेण्यापेक्षा केव्हाही बरं. रक्तस्राव आटोक्यात असेल तर साधारण सहा तासांत अ‍ॅस्पिरिन पुन्हा सुरू होतं. नवे ग्राफ्ट मोकळे राहण्यासाठी ते फार गरजेचं आहे. साखर १८० च्या खाली ठेवतात, त्यासाठी इन्सुलिनचा ड्रिप लागू शकतो, मधुमेह नसला तरीही.

दुसऱ्या ते चौथ्या दिवसात ठोके अनियमित होणं खूप जणांना होतं. बहुतेकदा औषधांनी काही दिवसांत बसतं. तोवर रक्त पातळ करणारं औषध वाढू शकतं.

वॉर्डात सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे दुखतंय म्हणून खोकला दाबणं. उशी छातीशी घट्ट धरून खोका, दुखण्याची गोळी व्यायामाच्या अर्धा तास आधी मागून घ्या. कफ साचून न्यूमोनिया झाला तर खोकल्याचे झटके अजून न भरलेल्या हाडावर येतात.

## टप्पा १०: घरी पहिले तीन महिने

हाड पूर्ण जुळायला सहा ते बारा आठवडे लागतात. तोवर चार-पाच किलोपेक्षा जास्त उचलायचं नाही, एका हाताने ओढायचं-ढकलायचं नाही, अंथरुणातून उठताना आधी कुशीवर वळायचं. गाडी चालवणं सहा आठवड्यांनी, तेही सर्जनला विचारून. चालणं मात्र पहिल्या दिवसापासून, रोज थोडं वाढवत.

पुढचं काही दिसलं तर फोनवर विचारत न बसता दाखवायला जा:

- ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप, किंवा जखमेतून पाणी वा पू.
- खोकताना छातीचं हाड टकटक वाजणं किंवा हलल्यासारखं वाटणं.
- तीन दिवसांत दोन किलो वजन वाढणं, पायावर सूज, झोपल्यावर धाप.
- जिथून शीर काढली तो पाय लाल, गरम, ताणलेला.

वजन रोज सकाळी, लघवीनंतर, न्याहारीआधी, त्याच काट्यावर. असं मोजलं तरच वरच्या दोन किलोला अर्थ आहे.

सहा आठवड्यांच्या सुमारास मन खचलेलं असणं नेहमीचं आहे, आणि दुसऱ्या ऑपरेशननंतर ‘आपलं आता काही खरं नाही’ ही भावना जास्त खोल असते. दोन आठवड्यांहून जास्त टिकली तर डॉक्टरांना सांगा. तिच्यावर उपचार होतात, आणि ती तशीच राहिली तर चालणं आणि गोळ्या दोन्ही सुटतात.

## टप्पा ११: निकाल कशावर मोजायचा

जुन्या मोठ्या नोंदींमध्ये दुसऱ्या बायपासनंतर पाच वर्षांनी साधारण चारपैकी तीन रुग्ण हयात होते आणि दहा वर्षांनी निम्म्याहून थोडे जास्त. ऑपरेशनच्या वेळचं त्यांचं वय धरलं तर हा निकाल वाईट नाही. छातीत दुखणं बहुतेकांचं कमी होतं, पण पहिल्या बायपासइतकं पूर्ण आणि तितका काळ सहसा नाही. ही अपेक्षा आधीच नीट ठेवली तर नंतर पायऱ्या चढताना थोडं जाणवलं म्हणून ‘ऑपरेशन वाया गेलं’ असं वाटत नाही.

स्वतःचा निकाल मोजण्यासाठी ऑपरेशनआधीच एक नोंद करा: किती पायऱ्यांनंतर दुखतं, आठवड्यात जिभेखालची गोळी किती वेळा लागते. तीच नोंद तीन महिन्यांनी आणि वर्षाने.

एलडीएल कोलेस्टेरॉल ५५ च्या खाली हवं. स्टॅटिनची पूर्ण मात्रा घेऊनही येत नसेल तर एझेटिमाइब, तरीही नाही तर पीसीएसके९ रोखणारं इंजेक्शन, असं चढत जायचं. ‘बॉर्डरला आहे’ म्हणून सोडून देणं ही पहिल्या बायपासनंतर बहुतेकांनी केलेली चूक. शिरेच्या नव्या ग्राफ्टमध्येही तोच थर त्याच वेगाने साचतो.

आणि दुखणं पुन्हा सुरू झालंच, तर तिसरं ऑपरेशन करायचं का हा विचार मागे ठेवा. टप्पा २ मधल्या तपासण्या, दोन्ही हातांच्या रक्तदाबासकट, पुन्हा सुरुवातीपासून करा. नव्याने जोडलेली लीमा चालू असेल तर उरलेल्या बहुतेक त्रासावर स्टेंट आणि औषधं हाच रस्ता असतो.